कर शून्य झाला, कागद नाही: टेक्सासमध्ये आखूड रायफल आणि सप्रेसर करण्याआधी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही ऑस्टिनजवळ राहता, ग्रीन कार्ड गेल्या वर्षी मिळालं, घरात १६ इंची बॅरलची एआर-१५ रायफल आहे. आता त्याच लोअरवर (खटका आणि सिरियल नंबर असलेला खालचा भाग) ९ इंची बॅरलची, ३०० ब्लॅकआउट काडतुसाची अप्पर (बॅरलसकटचा वरचा भाग) बसवून पुढे सप्रेसर, म्हणजेच सायलेन्सर, लावायचा आहे, कारण मित्राच्या रँचवर रानडुकरांनी उच्छाद मांडलाय. तुम्ही चार गोष्टी विचारल्यात. दोनशे डॉलरचा कर गेला, मग अर्ज कशाला? अप्पर सवलतीत मिळतेय, आजच घेऊन ठेवू का? सप्रेसर किट आणून घरीच बनवला तर? आणि डिसेंबरात पुण्याहून येणाऱ्या भावाला रायफल चालवायला देता येईल का? शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय, की बायको एच-१बी वर आहे.

मी टेक्सासमध्ये वकिली करतो आणि बंदुकांच्या ट्रस्टची (ज्याच्या नावावर बंदूक नोंदवता येते) व नोंदणीची कामं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. माझ्या लेखी तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती शेवटचीच. पण क्रमानं जाऊ. एक आधीच सांगतो: मी इथे तुमचा वकील म्हणून बोलत नाही. खाली जे आहे त्यातलं बरंच तुमच्या लोअरचा इतिहास, तुमच्या घरात कोण राहतं आणि पुढे तुम्ही कुठे राहायला जाल यावर अवलंबून आहे.

करापासून सुरुवात करू. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टनं मशीनगन, आखूड रायफल, आखूड शॉटगन आणि सायलेन्सर यांच्यावर दोनशे डॉलर कर लावला. त्या काळात ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती आणि हेतूही तोच होता. पुढची नव्वद वर्षं आकडा तोच राहिला. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या मोठ्या कर-कायद्यानं १ जानेवारी २०२६ पासून सप्रेसर आणि आखूड रायफल यांच्यासाठी तो शून्य केला. मशीनगनवर अजूनही दोनशेच आहे. मात्र बदलला तो फक्त आकडा. अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, पार्श्वभूमीची तपासणी आणि एटीएफची (बंदुकांवर देखरेख करणाऱ्या फेडरल संस्थेची) लेखी मंजुरी यातलं काहीही रद्द झालेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९३७ मध्ये सॉन्झिन्स्की खटल्यात हा कायदा ‘कर लावण्याचा अधिकार’ म्हणून उचलून धरला होता. तेव्हा करच नसेल तर नोंदणी कशाच्या जोरावर, असा युक्तिवाद घेऊन लोक कोर्टात गेले आहेत. युक्तिवाद मला रंजक वाटतो, त्यात दमही आहे. पण दुसऱ्याच्या खटल्याच्या निकालावर स्वतःचं ग्रीन कार्ड पणाला लावू नये.

ग्रीन कार्डचा उल्लेख मुद्दाम केला. नोंदणीशिवाय आखूड रायफल किंवा सप्रेसर बाळगणं किंवा बनवणं हा फेडरल गुन्हा आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. दुकानातले सल्लागार इथेच थांबतात, कारण त्यांच्यासमोर बहुतेक वेळा अमेरिकी नागरिक उभा असतो. तुमच्यासाठी याच्यापुढे आणखी एक पायरी आहे. इमिग्रेशन कायद्यात ‘अ‍ॅग्रॅव्हेटेड फेलनी’ची, म्हणजे हद्दपारीला पात्र ठरवणाऱ्या गंभीर गुन्ह्यांची, जी व्याख्या आहे, तिच्यात या कायद्याचं कलम ५८६१ नाव घेऊन घातलेलं आहे, आणि शिक्षा किती झाली याची अट तिथे नाही. दोषी ठरलात की झालं. मग हद्दपारी थांबवण्याचे कायम रहिवाशांना असलेले नेहमीचे मार्ग बंद होतात आणि नागरिकत्वाचं दारही कायमचं लागतं.

एक खरं प्रकरण सांगतो. कॅन्सस राज्यानं २०१३ मध्ये कायदा केला, की राज्यातच बनलेली आणि राज्यातच राहिलेली शस्त्रं फेडरल कायद्याच्या कक्षेबाहेर. त्यावर विश्वास ठेवून एका सर्प्लस दुकानदारानं ‘मेड इन कॅन्सस’ छापाचे सायलेन्सर विकले आणि एका माजी सैनिकानं त्यातला एक घेतला. २०१६ मध्ये दोघंही फेडरल कोर्टात दोषी ठरले, २०१८ मध्ये अपिलातही हरले. तुरुंग टळला, प्रोबेशनवर सुटले. लोक ही गोष्ट ‘शेवटी प्रोबेशनवरच निभावलं ना’ अशा सुरात सांगतात. त्यांच्या जागी ग्रीन कार्डधारक असता तर त्याच प्रोबेशनच्या कागदावर त्याची परत पाठवणी झाली असती. टेक्सासनंही २०२१ मध्ये असाच, टेक्सासमध्येच बनलेल्या सप्रेसरबद्दलचा कायदा केलाय. रँचवर कोणीतरी तो तुम्हाला ऐकवणार, हे मी आत्ताच लिहून देतो. कॉफी प्या, मान डोलवा आणि विषय बदला. पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं, म्हणजे टेक्सास ज्याच्याखाली येतं त्यानं, सप्रेसरची नोंदणी २०२५ मध्येही वैध ठरवली आहे.

आता सवलतीतल्या अप्परकडे. रायफलचं बॅरल १६ इंचांपेक्षा कमी, किंवा पूर्ण लांबी २६ इंचांपेक्षा कमी झाली, की ती कायद्यानं ‘आखूड रायफल’. बॅरल मोजताना बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा सरकता भाग) बंद करून नळीच्या तोंडातून काठी आत सोडतात आणि बोल्टच्या पृष्ठापासून तोंडापर्यंतची लांबी घेतात. पुढे पिन घालून वेल्ड केलेलं कायमस्वरूपी काही असेल तर ते लांबीत धरतात. फिरवून काढता येणारा सप्रेसर धरत नाहीत. त्यामुळे ९ इंची बॅरलवर ७ इंची सप्रेसर लावून ‘झाले की सोळा’ हे गणित चालत नाही. हा प्रश्न मला इंजिनिअर मंडळी हटकून विचारतात.

अप्पर हा नुसता सुटा भाग आहे, तो विकत घ्यायला कुठलाही फॉर्म लागत नाही, हे खरं. घोळ पुढे आहे. तुमच्या घरात स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता) लावलेली एकच एआर रायफल आणि शेजारी ९ इंची अप्पर असेल, तर त्या अप्परचा कायदेशीर उपयोग काय? एकही नाही. दोन पिना ढकलल्या की मिनिटभरात आखूड रायफल तयार. १९९२ च्या थॉम्पसन/सेंटर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एका किटबाबत कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. त्या किटमध्ये पिस्तूल, लांब बॅरल आणि स्टॉक होता, म्हणजे त्याच भागांतून कायदेशीर पिस्तूल किंवा कायदेशीर रायफल जोडता येत होती. पण जे भाग एकत्र आल्यावर फक्त बेकायदा वस्तूच होऊ शकते, त्यांना या निकालाचं छत्र मिळत नाही. कोणी तुमच्या कपाटात डोकावणार नाही, हे मलाही कळतं. पण घटस्फोट, चोरीची तक्रार, घराला लागलेली आग अशा निमित्तानं पोलीस घरात आलेली प्रकरणं मी हाताळली आहेत.

‘मग स्टॉक काढून ठेवतो, पिस्तूल म्हणून वापरतो’ हा पुढचा विचार तुमच्या मनात आलाच असेल. एआर पिस्तूल हा प्रकार कायदेशीर आहे आणि ब्रेस (मागे हाताला टेकवायचा आधार) लावलेली बहुतेक पिस्तुलं आखूड रायफल धरणारा २०२३ चा नियमही टेक्सासच्या फेडरल कोर्टानं २०२४ मध्ये रद्द केला. पण तुमचा लोअर रायफल म्हणून जन्माला आला. रायफलपासून केलेलं आखूड हत्यार, त्याला स्टॉक असो वा नसो, याच कायद्यात येतं. पिस्तूलच करायचं असेल तर कधीही रायफल न झालेला नवा लोअर घ्यावा लागतो. काही लोकांसाठी हाच शहाणपणाचा मार्ग असतो, विशेषतः ज्यांची बदली वारंवार होते त्यांच्यासाठी. तुमचा बेत रँचचाच असेल तर मी नोंदणीच करीन.

नोंदणीसाठी आखूड रायफलला ‘फॉर्म १’ लागतो, म्हणजे बनवण्याची परवानगी. तो एटीएफच्या ई-फॉर्म्स संकेतस्थळावर भरता येतो: लोअरचा निर्माता, मॉडेल, सिरियल नंबर, कॅलिबर, बॅरलची आणि पूर्ण लांबी, फोटो, ठसे. एक प्रत तुमच्या भागाच्या मुख्य पोलीस अधिकाऱ्याला किंवा शेरीफला पाठवायची. ही २०१६ पासून फक्त सूचना आहे, त्यांची संमती लागत नाही. किती वेळ लागेल हे गर्दीवर आहे. कर शून्य झाल्यावर सुरुवातीलाच अर्जांचा लोंढा आला, तेव्हा मित्राचा अर्ज किती दिवसांत मंजूर झाला यावरून रँचची तारीख ठरवू नका.

मंजुरी हातात आल्यावरच जोडणी. कायद्याच्या दृष्टीनं आता ‘बनवणारे’ तुम्ही, म्हणून तुमचं (किंवा ट्रस्टचं) नाव, शहर आणि राज्य लोअरवर कोरावं लागतं. खोली किमान ०.००३ इंच. लेझरवाल्याला ही खोली स्पष्ट सांगा, नाहीतर तो वरवरची सुंदर नक्षी करून देतो. कंपनीचा सिरियल नंबर आधीच असतो, तोच चालतो. मंजुरीची प्रत रायफलच्या बॅगेत आणि एक फोनमध्ये ठेवा. रँचकडे जाताना गेम वॉर्डन (शिकारीचे नियम पाहणारा अधिकारी) थांबवतो, तेव्हा मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये असून काही उपयोग नसतो.

सप्रेसरचा अर्ज वेगळा. इथे माझं मत स्पष्ट आहे: विकत घ्या. परवानाधारक दुकानातून ‘फॉर्म ४’ वर घेतला तर मंजुरी येईपर्यंत तो दुकानातच राहतो, म्हणजे चूक व्हायला जागाच नाही. फॉर्म १ वर स्वतः बनवणं कायद्यात बसतं, पण ‘सॉल्व्हेंट ट्रॅप’ म्हणजे साफसफाईचं साधन म्हणून विकली जाणारी किट्स ही दुखरी नस आहे. फेडरल व्याख्येत फक्त सायलेन्सरसाठी केलेला एकेक भागसुद्धा सायलेन्सरच. अशी अनेक किट्स एटीएफ पहिल्यापासूनच सायलेन्सर मानतं. २०२२ मध्ये अशा किटांवर भरलेले फॉर्म १ घाऊक फेटाळले गेले, आणि अर्जदारांनी आपल्याकडे किट असल्याचं स्वतःच्या हातानं सरकारला लिहून दिलेलं होतं. शिवाय स्वतः केलेल्या सप्रेसरचा आतला भाग खराब झाला तर सुटा भाग घरी बनवून बदलता येत नाही, कारण तो भाग म्हणजे नवा सायलेन्सर. कंपनीचा असेल तर त्यांच्याकडे पाठवता येतो. पैसे वाचतात म्हणून किट घेणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की माझी फी किटपेक्षा महाग आहे.

आता त्या शेवटच्या ओळीकडे, तुमच्या बायकोकडे. फेडरल कायद्याच्या कलम ९२२(जी)(५) नुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावरच्या व्यक्तीला काही अपवाद वगळता बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. एच-१बी त्यातच येतो, कितीही वर्षं इथे राहिलात आणि कर भरलात तरी. मुख्य अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. तो नसेल तर तिजोरीचा पासवर्ड तिला माहीत असणं हाच प्रश्न होऊ शकतो, कारण कायद्यात ‘ताबा’ म्हणजे हातात धरणं इतकंच नसतं, हवं तेव्हा घेता येणं हेही असतं. आणि हे तुमच्या आत्ताच्या १६ इंची रायफललाही लागू आहे. मी पाहिलेल्या मराठी घरांत गन सेफ ही घरातली एकमेव भक्कम तिजोरी असते, मग तिच्यात पासपोर्ट, घराचे कागद आणि सासूबाई आल्या की त्यांच्या पाटल्याही जातात, आणि नंबर सगळ्यांना ठाऊक असतो. दागिन्यांसाठी वेगळी छोटी तिजोरी आणा. बंदुकीच्या तिजोरीचा नंबर फक्त तुमच्याकडे.

याच कारणानं ट्रस्ट की वैयक्तिक नाव, हा प्रश्न तुमच्या बाबतीत नेहमीपेक्षा वेगळा आहे. वैयक्तिक नावावर नोंदणी असेल तर ती वस्तू तुमच्या गैरहजेरीत दुसऱ्या कोणाकडे नको. ट्रस्टमध्ये अनेक विश्वस्त असू शकतात आणि त्यातला कोणीही ती बाळगू शकतो, पण अर्जाच्या वेळी असलेल्या प्रत्येकानं फोटो, ठसे आणि प्रश्नावली द्यावी लागते. बहुतेक जोडप्यांना मी ट्रस्ट सुचवतो. तुम्हाला सांगीन की ट्रस्ट करा, पण बायकोचं नाव तिचं ग्रीन कार्ड आल्यावर घाला. तोपर्यंत टेक्सासमधलाच एखादा भरवशाचा नागरिक मित्र सहविश्वस्त असू दे. उद्या तुम्हाला काही झालं तर वारसाकडे हस्तांतर ‘फॉर्म ५’ वर होतं, पण वारस पुण्यात असेल तर ते होऊ शकत नाही. मृत्युपत्र करताना हे लक्षात ठेवणारे फार थोडे. जाता जाता आणखी एक: गांजा राज्यात चालत असला तरी फेडरल कायद्यात चालत नाही आणि अर्जात तो प्रश्न सरळ विचारलेला असतो. गांजा चालतो त्या डेन्व्हरच्या सहलीचे फोटो टाकणाऱ्यांनी विचार करावा.

नोकरी बदलली तर? एडिसनला किंवा बे एरियात गेलात, तर न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात सप्रेसरही नाही आणि आखूड रायफलही नाही. न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्समध्येही सप्रेसर नाही. अशी आठ राज्यं आहेत. आखूड रायफल राज्याबाहेर न्यायची तर, तात्पुरती असली तरी, एटीएफकडून आधी परवानगी लागते. त्याचा फॉर्म वेगळा. सप्रेसरला ही परवानगी लागत नाही, पण तुम्ही जाताय तिथे आणि वाटेतल्या राज्यांत तो कायदेशीर असायला हवा. रायफल पुन्हा १६ इंची करून आखूड बॅरल विकून टाकलं की ती साधी रायफल होते. सप्रेसरला असा परतीचा रस्ता नाही. तो विकायचा, किंवा टेक्सासमधल्या सहविश्वस्ताकडे ठेवायचा. सहविश्वस्त हवाच म्हणतो तो यासाठीही.

प्रत्यक्ष वापराचं थोडक्यात. ३०० ब्लॅकआउटची निवड चांगली आहे. हे काडतूस आखूड बॅरल आणि सप्रेसर डोळ्यांपुढे ठेवूनच आखलेलं आहे आणि ९ इंचांत त्याचं फारसं बिघडत नाही. ५.५६ ला (एआरचं नेहमीचं काडतूस) एवढं आखूड बॅरल दिलं तर वेग घटतो आणि तोंडाशी भडका नि धमाका वाढतो. पण तुमच्या घरी ५.५६ ची अप्पर आधीच आहे, आणि धोका तिथेच आहे. दोन्हींची मॅगझिन एकच, बोल्ट एकच. ३०० ची गोळी ५.५६ च्या चेंबरमध्ये काही वेळा जाते, बोल्ट बंदही होतो, आणि खटका ओढला की रायफल फुटते. मॅगझिनचे रंग वेगळे ठेवा, गोळ्यांचे डबे वेगळ्या कपाटात ठेवा आणि रँचवर एका दिवशी एकच कॅलिबर न्या. यात मी कोणाचंही ‘मी लक्ष ठेवतो’ ऐकून घेत नाही.

सिनेमातला ‘फुस्स’ आवाज विसरा. सप्रेसर साधारण २० ते ३५ डेसिबल कमी करतो. एआरचा मूळ आवाज १६० च्या वर असतो आणि एका धमाक्यानं कान बिघडण्याची मर्यादा १४० मानतात, त्यामुळे कानात बोळे ठेवाच. जड, सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाच्या) गोळीनं हवेतला तडाखा जातो खरा, पण तिची ऊर्जा हलक्या वेगवान गोळीच्या जेमतेम निम्मी. मोठ्या रानडुकरावर ती लांबून वापरणं मला पटत नाही. सप्रेसर घेताना कंपनीनं त्या कॅलिबरसाठी किमान किती बॅरल लांबी दिलीय ते पाहा, आणि पहिल्यांदा लावल्यावर अलाइनमेंट रॉडनं नळी सरळ आहे ना ते तपासून घ्या. बंदूक रिकामी असताना, अर्थात.

राहिला भाऊ. तो बी-२ (पर्यटक) व्हिसावर येणार, म्हणजे बायकोला लागू असलेला तोच नियम त्यालाही. मेख अशी, की टेक्सासनं २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीनं रानडुकरं मारायला शिकारीच्या परवान्याची अट काढून टाकली. रँचवाला प्रामाणिकपणे सांगेल, ‘डुकरांना लायसन्स लागत नाही.’ राज्यापुरतं ते बरोबर आहे. पण तुमच्या भावाला बंदूक हातात घेण्याची फेडरल मुभा नेमकी त्या परवान्यानंच मिळते. तेव्हा डुकरांसाठी नसला तरी स्वतःसाठी त्यानं अनिवासी परवाना काढायचा, आणि २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर शिकारी प्रशिक्षणाचं काय ते आधी बघायचं. शूटिंग रेंजवर भाड्याची बंदूक घ्यायची तरी हेच. परवाना खिशात असताना, तुम्ही शेजारी उभे राहून त्याला तुमची नोंदणीकृत रायफल चालवू देणं सर्रास चालतं. तुम्ही घरी आणि तो रायफल घेऊन मित्राबरोबर रँचवर, हे चालत नाही.

आणि तो परत निघताना त्याच्या बॅगेचे सगळे कप्पे तुम्ही स्वतः उलटे करून बघा, विशेषतः रँचवर नेलेल्या जॅकेटचे खिसे. एखादं जिवंत काडतूस राहिलं आणि मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं, तर तिथून पुढे भारतातला १९५९ चा शस्त्र कायदा लागतो, आणि त्यात माझा काही उपयोग नाही.